बांगडी वाढवली म्हणजे किती झाल्या?

(वाचकांचे प्रश्न : काउंटरपलीकडून)

या महिन्याला दहाबारा पत्रं आली. जागेपुरती चार घेतली आहेत. त्यातलं एक माझ्यावर रागावलेल्या गृहस्थांचं आहे, ते मुद्दाम टाळलेलं नाही.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की इंदूरच्या राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका जुन्या वाड्यात मराठी वाचनालय होतं, तिथं मी सत्तावीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. भाषेची पदवी माझ्याकडे नाही, मी बी. कॉम. आहे. पण परत आलेलं पुस्तक हातात घेतलं, की वाचणाऱ्यानं ते कुठं सोडलं हे मला अजून सांगता येतं. जिथवर पानं उलटलेली असतात तिथवर कडा मळकट असते, पुढं कोरी. कितीतरी गाजलेल्या कादंबऱ्या तिसाव्या पानानंतर कोऱ्या असत.

*

प्रश्न : सा. न. वि. वि. काकू, माझी मुलगी नववीत आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण शाळा इंग्रजी माध्यमाची आणि मैत्रिणी सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. मे महिन्यात पुण्याला आत्याकडे गेली होती. तिथं बोलता बोलता म्हणाली, "माझ्या बाबांची सगळी शिक्षा भोपाळला झाली." सगळं घर हसलं. तेव्हापासून ती जिद्दीनं एक मराठी कादंबरी वाचते आहे. अडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहिते, पुढं बरोबरची खूण करून अर्थ. दीड महिन्यात शब्द झाले दोनशे अकरा आणि कादंबरीची पानं बेचाळीस. परवा मी वहीतले शब्द विचारले, तर दहासुद्धा सांगता आले नाहीत. रडायला लागली. त्यातच "तिनं बांगडी वाढवली" असं वाक्य आलं, तर मला विचारते, "वाढवली म्हणजे किती झाल्या?" कादंबऱ्या वाचून शब्द वाढतात म्हणतात ते खरं का? आणि खरं असेल तर हिचे का वाढत नाहीत?
— एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, आधी मुलीला माझी एक गोष्ट सांगा. मला बघायला साताऱ्याची मंडळी आली होती. "स्वयंपाक येतो का?" असं विचारल्यावर मी मान खाली घालून म्हणाले, "शिकायची पूर्ण चेष्टा करीन." ते स्थळ गेलं. पुढं कळलं ते बरंच झालं, पण तो विषय वेगळा.

शिक्षा, चेष्टा, समाधान, आपत्ती, संसार, प्रकृती, अभ्यास, अवकाश. हे शब्द आपल्या गावात दोन घरी राहतात आणि दोन्हीकडे वेगळं वागतात. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदीतलं समाधान म्हणजे तोडगा, आपलं म्हणजे मनाची तृप्ती. तिकडे आपत्ती म्हणजे हरकत, इकडे संकट. तिकडे संसार म्हणजे सगळं जग आणि इकडे भांडीकुंडी, पोरंबाळं नि दुधाचं बिल. असे वीस-पंचवीस शब्द मात्र यादी करून पाठ करायला माझी ना नाही, कारण ते वाचताना अडतच नाहीत. मुलीला वाटतं हा तर येतो, आणि ती चुकीचा अर्थ घेऊन बिनधास्त पुढं जाते. तिच्या दोनशे अकरांत यातला एकही नसणार, पैज लावते.

आता वही. बेचाळीस पानांत दोनशे अकरा म्हणजे पानाला पाच. दर पाच-सहा ओळींनी पुस्तक खाली, पेन वर, अर्थ विचारा, लिहा, परत ओळ शोधा. आपली जुनी महूची पॅसेंजरसुद्धा इतकी थांबत नसे. अशानं गोष्टीत जीव कसा अडकणार? आणि गोष्टीत जीव अडकला नाही तर शब्द कशाला चिकटणार?

ते बांगडीचंच बघा. बांगडी वाढवली म्हणजे फुटली. बांगड्या फुटणं म्हटलं की वैधव्य आठवतं, म्हणून भांडी घासताना सहज एखादी पिचकली तरी "फुटली" म्हणायचं नाही, उलटं बोलायचं. नारळ फोडतात तोही "वाढवतात". मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र "वाढवलं". पाहुणा उठताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. आता तुमच्या मुलीनं वहीत काय लिहिलं असेल? "वाढवणे = फोडणे." उद्या ती म्हणेल, "क्रिकेट खेळताना शेजारच्यांची काच वाढवली." वहीप्रमाणे बरोबर, आणि पुण्याचं घर पुन्हा हसणार.

गंमत म्हणजे हा शब्द तिला हिंदीतून ठाऊक असायला हवा होता. सराफ्यात रात्री सोन्याचांदीवाले कुलपं लावतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाऊवाले मांडायला लागतात. त्या वेळी जुने सराफ "दुकान बंद करो" असं कधी म्हणत नसत. "दुकान बढ़ा दो." दिवा विझवायचा तर "दीया बढ़ा दो." बंद आणि विझणं तोंडातून काढायचं नाही. म्हणजे आपल्या आज्या आणि ते सराफ एकाच भीतीपोटी एकच शब्द वापरत होते. मुलीला एकदा रात्री सराफ्यात न्या, जिलेबी खाऊ घाला आणि हे सांगा. तो शब्द वहीत लिहावा लागणार नाही.

दुसरं एक उदाहरण देते, कारण आपल्या इंदूरच्या पोरांचं खरं दुखणं तिथं आहे. नामं त्यांना येतात. क्रियापदं येत नाहीत. फोटो "खेचतात", दिवा "जाळतात", आणि कुठल्याही प्रकारची लाज वाटली की "शरम आली" म्हणून मोकळी होतात. एक सद्गृहस्थ आमच्या काउंटरवर आले आणि तारस्वरात म्हणाले, की मी पुस्तक केव्हाच परत केलंय, तुमचं रजिस्टर खोटं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी ते पुस्तक पदराखाली धरून आल्या. गादीखाली सापडलं होतं. त्या *ओशाळल्या* होत्या, म्हणजे चूक त्यांची नव्हती तरी माझ्यासमोर उभं राहणं त्यांना जड जात होतं. मागून ते स्वतः आले. काल चढलेला आवाज आज खाली आला होता, ते *वरमले* होते. पुस्तक गादीखाली दडवणारा त्यांचा मुलगा दाराशी उभा होता, तो चारचौघांत पकडला गेल्यामुळे *खजील* झाला होता. आणि हे सगळं पाहत खुर्चीत बसलेल्या नव्या सभासद सूनबाईंना मी "तुम्हाला कोणतं हवं?" विचारलं, तर त्या नुसत्याच *लाजल्या*. चार माणसं आणि चार क्रियापदं. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, माणूसच बदलतो. वहीत चौघांपुढं एकच अर्थ येणार, "शरमणे". कादंबरी हे वहीपेक्षा बरं करते ते एवढ्याचसाठी, की तिथं शब्द येतो तो माणूस, प्रसंग आणि आपलं क्रियापद बरोबर घेऊन येतो.

तर करायचं काय. ती कादंबरी तूर्त बाजूला ठेवा. नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण दीड महिन्यात बेचाळीसच पानं झाली म्हणजे आज ती तिला जड आहे, वर्षभरानं हलकी होईल. दुसरं पुस्तक घ्या. पानात कागदाची पट्टी ठेवा, मी सिटी बसचं तिकीट ठेवत असे. शब्द अडला की पट्टीवर फक्त पानाचा आकडा टाकायचा आणि पुढं जायचं. गोष्टच कळेनाशी झाली तरच विचारायचं. प्रकरण संपलं की पट्टी घेऊन मागं जायचं. निम्म्या शब्दांचा अर्थ तोवर आपणहून उमगलेला असतो. उरलेल्यांपैकी जो पुढं पुन्हा भेटला तोच वहीत, आणि तोही त्याच्या सबंध वाक्यासकट. आठवड्याला पाच-सहा झाले तरी पुष्कळ. मग तो शब्द दोन-तीन दिवसांत घरात वापरायचा. चुकला तर दुरुस्त करा, हसू मात्र नका.

अंदाज चुकतात, हेही सांगून ठेवते. कोकणातल्या गोष्टी वाचताना मला कितीतरी वर्षं माजघर म्हणजे माजलेल्या लोकांचं घर वाटायचं. त्यात बायका मुकाट्यानं भाज्या निवडत बसलेल्या असत, तरी मला शंका आली नाही. म्हणून पट्टी घेऊन मागं जाणं सोडू नका.

आणि रोज रात्री पाच-सहा पानं तुम्ही मोठ्यानं वाचा. "चार" आणि "चाक" यांतले दोन च वेगळे आहेत, पण छापताना दोन्ही एकसारखेच दिसतात. हिंदीत एकच च असल्यामुळे मुलगी चाकाचाही च चारासारखा म्हणत असणार. ते डोळ्यांनी वाचून सुटत नाही, त्याला कानच हवेत.

कोणतं पुस्तक? मी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे देईन. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागानं आलेलं ते आत्मचरित्र आहे, पण कादंबरीहून जास्त ओढ लावतं. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकल्या. त्यामुळे भाषा ओट्यावर बसून बोलल्यासारखी आहे, वाक्यं आखूड, आणि तुमच्या मुलीला जे हवं ते घरातलं मराठी तिथं जसंच्या तसं आहे. शिवाय हसू येतं, ते फार महत्त्वाचं. तुम्ही स्वतः गोडसे भटजींचं माझा प्रवास घ्या. १८५७ साली रायगडकडच्या वरसई गावाहून निघालेले हे भटजी ग्वाल्हेरच्या वाटेवर महूजवळ आले आणि बंडात सापडले. छापलं गेलं १९०७ साली. महू, उज्जैन, धार ही आपली रोजच्या तोंडातली गावं जुन्या मराठीत वाचताना काय वाटतं ते मला पुढच्या पत्रात कळवा.

ऐतिहासिक कादंबऱ्यांना ती घाबरत असेल तर तिला सांगा, की तिथं इंदूरची मुलगी पुण्याच्या मुलीच्या चार पावलं पुढं आहे. पागनीस पागा, मोती तबेला, तोफखाना, हत्तीपाला, बक्षी गल्ली. या पत्त्यांवर आपल्याकडे कुरिअर येतं. पागा म्हणजे सरकारी घोडदळ आणि त्याची घोडी बांधायची जागा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचं घोडं घेऊन येणारा शिलेदार. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अंमलदार. हे शब्द पुण्याची मुलं टीपा बघून वाचतात, हिनं त्यांच्यातून सायकल चालवली आहे. आत्याच्या घरी पुढच्या खेपेला तिनं सहज विचारावं, बारगीर आणि शिलेदार यांत फरक काय. मग कोण खजील होतं ते बघू.

*

प्रश्न : मॅडम, मी भंवरकुआला खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. इंग्रजीसाठी रोज पन्नास शब्द पाठ करतो, रविवारी उजळणी. शिकवणीतले सर म्हणतात कादंबऱ्या वाच. एक मोठी नामांकित इंग्रजी कादंबरी आणली, पहिल्या पानावरच झोप आली. इतका वेळ मला परवडणारा नाही. पाठांतर बरं की कादंबरी?
— बुऱ्हाणपूरचा एक मुलगा

उत्तर : बाळा, सरांचं चुकलं नाही आणि तुझंही नाही. पुस्तक चुकलं.

पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ आहेत, त्यांचं सगळं आयुष्य शब्द मोजण्यात गेलं. त्यांचा हिशेब असा, की कोश न उघडता आरामात वाचायचं असेल तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधी ठाऊक हवेत. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. आणि मोठ्यांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी अशी वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. ॲक्ट, ॲक्शन, ॲक्टिव्ह हे सगळं मिळून एक कुटुंब. तुझ्याकडे आज तीन हजार असतील, तर त्या पुस्तकात झोप येणारच, तुझा दोष नाही.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सांगते. मधलं कुठलंही पान उघड. पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात. पाच-सहापर्यंत अडले तर घे, दहा-पंधरा अडले तर मुकाट्यानं परत ठेव, मग मुखपृष्ठावर कितीही पारितोषिकं छापलेली असोत.

तुझ्यासारख्यांसाठी सोप्या इंग्रजीत मुद्दाम लिहिलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात, पाठीवर पायरीचा आकडा असतो. पोरकट वाटतील. ही कल्पना तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातच रुजलेली आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. त्यांनी पाहिलं की बंगाली मुलांच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द नुसते कोंबलेले आहेत, आणि तेही फारसे कामी न येणारे. मग त्यांनी रोजच्या वापरातले शब्द धरून गोष्टी नव्यानं लिहिल्या. एका वेळी थोडेच नवे शब्द आणायचे आणि आणलेला शब्द पुढं पुन्हा पुन्हा भेटवायचा. पुढं १९५३ साली त्यांची दोनेक हजार शब्दांची यादी आली, ती जगभर वापरली गेली. यादी करणाऱ्यालाही शेवटी गोष्टी लिहाव्याच लागल्या, हे लक्षात घे.

पाठांतर सोडू नकोस, परीक्षा दारात आहे. पण पन्नासाचे पंधरा कर आणि त्यातून सुटलेला अर्धा तास त्या सोप्या गोष्टींना दे. पाठ केलेला शब्द गोष्टीत भेटला की ओळखीचा माणूस परगावच्या स्टेशनवर भेटल्यासारखं होतं, मग तो विसरत नाही. पायरी दर महिन्याला चढव. वर्षभरानं ती झोपवणारी कादंबरी परत उघड.

आणि रात्री बारानंतर वाचू नकोस. त्या वेळी ज्ञानेश्वरीसुद्धा झोपच आणते.

*

प्रश्न : महोदया, गेल्या अंकात आपण "भुट्टा" असा शब्द छापलात. मराठीत "मक्याचं कणीस" असताना हिंदीची ही घुसखोरी कशासाठी? शब्दसंपत्तीवर सदर लिहिणाऱ्यांनीच असं केलं तर मुलांनी काय वाचावं?
— एक निवृत्त प्राध्यापक, टिळक नगर

उत्तर : सर, चूक मान्य. शेतातल्याला मी यापुढं कणीसच म्हणेन.

पण सराफ्यातल्या पदार्थाला "मक्याच्या कणसाचा कीस" म्हणून बघा. गाडीवाला आपल्याकडं बघत राहील. "भुट्टे का कीस" यातला कीस आपलाच आहे, किसणीवरून पडणारा. मारवाडी, माळवी, सिंधी सगळं इंदूर तो शब्द रोज रात्री तोंडात घेतं आणि कोणी मराठीच्या घुसखोरीची तक्रार करत नाही. राजवाड्यातला वाडा तसाच. भुट्टा तेवढा त्यांचा राहू द्या. देवाणघेवाणीच्या हिशेबात आपण फायद्यात आहोत.

*

प्रश्न : काकू, नातवंडांसाठी घरात एक चांगला मराठी कोश घ्यावा म्हणते. दुकानात मिळणारे छोटे कोश पाहिले, त्यांत मला हवे ते गावाकडचे शब्द नाहीतच. माणदेशातल्या धनगरांवरची बनगरवाडी वाचताना नातू अडला, तेव्हा तर काहीच सापडलं नाही. कोणता घेऊ? आणि असे शब्द शुद्ध मराठी धरायचे का?
— एक आजी, सुदामा नगर

उत्तर : आजी, शेवटच्या प्रश्नाचं आधी. १९५५ पासून लोक व्यंकटेश माडगूळकरांचं ते पुस्तक त्याच शब्दांसाठी वाचताहेत. शुद्ध-अशुद्ध मनात आणू नका. नातू एवढ्या लांब बसून मेंढरांमागं जातोय, जाऊ द्या त्याला.

कोश विकत घेऊ नका. मोबाईल आहे ना घरात? शिकागो विद्यापीठानं जुने मराठी कोश फुकट बघता येतील असे ठेवले आहेत, नातवाला शोधायला सांगा. त्यात दोन आपल्या कामाचे. एक मोल्सवर्थचा. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली वाढवलेली दुसरी आवृत्ती आली, तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. ("वाढवलेली" म्हणजे इथं खरोखर वाढवलेली, लोकमान्य नगरच्या मुलीनं गोंधळू नये.) अर्थ इंग्रजीत आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. आपल्या नातवंडांना मराठीत दिलेल्या मराठी अर्थापेक्षा इंग्रजीच लवकर कळतं, ही वस्तुस्थिती आहे आणि इथं ती उपयोगी पडते.

दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. सात खंड, १९३२ ते १९३८. अर्थ मराठीतच. शब्द कोणत्या मुलखातला याच्या खुणाही दिलेल्या आहेत, त्यामुळे गावाकडच्या शब्दांना हाच बरा. आमच्या वाचनालयात याचे सहाच खंड होते. एक खंड एका वकिलांनी "उद्या आणून देतो" म्हणून नेला. मी निवृत्त झाले तेव्हा रजिस्टरमध्ये तो उद्या अजून तसाच होता.

शोधताना एक अडचण येईल. हे कोश जुन्या लेखनाचे आहेत. तेव्हा "करणें", "जाणें", "नांव" असे अनुस्वार देत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. नातू आजच्या पद्धतीनं लिहून शोधेल आणि "आजी, शब्दच नाही" म्हणून फोन खाली ठेवेल. तुम्ही जुन्या शाळेत शिकला असाल तर तो टिंब कुठं द्यायचा ते तुमच्या हाताला अजून ठाऊक असेल. तेव्हा टाईप त्याला करू द्या, आणि टिंब कुठं ते तुम्ही सांगा.